लोकमान्यांचा मधुमेह

दरवर्षी १ ऑगस्टला शाळेत लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी असते. प्रतिमेला हार घातला जातो, उदबत्ती लागते आणि मग मुलांची भाषणे सुरू होतात. पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक भाषणात शेंगा आणि टरफले हमखास येतात, मंडाले येते, गीतारहस्य येते आणि टाळ्या पडतात. मुलांचा यात दोष नाही. आम्हीच त्यांना तेवढे सांगतो. यंदा मात्र कार्यक्रम संपल्यावर सातवीतल्या एका मुलीने आम्हाला जिन्यात गाठले आणि मंडालेला टिळक जेवत काय होते, असे विचारले. तिच्या आजोबांना शुगर आहे. टिळकांनाही शुगर होती आणि तरी ते इतके काम करत, असे आजोबा तिला सांगतात म्हणे. हे खरे का, एवढेच तिला हवे होते.

हे खरे आहे. पण जिन्यात उभ्या उभ्या सांगून संपण्यासारखे नाही, म्हणून या अंकात लिहीत आहोत.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीला झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. मुलगा दहा वर्षांचा असताना कुटुंब पुण्याला आले. आई लहानपणीच गेली आणि १८७२ साली वडीलही गेले. पुढे डेक्कन कॉलेजात दाखल झालेला हा तरुण अंगाने किरकोळ होता आणि त्याची त्याला लाज वाटे. मग त्याने कॉलेजचे पहिले वर्ष जवळजवळ सगळे शरीर कमावण्यात घालवले. तालीम, कुस्ती, पोहणे आणि त्याला साजेसा आहार, असा क्रम ठेवला. अभ्यास मागे पडला आणि एक वर्ष वाया गेले, तरी त्याचा त्यांना पश्चात्ताप झाल्याचे दिसत नाही. नंतर गणित घेऊन ते पहिल्या वर्गात बी.ए. झाले आणि १८७९ मध्ये एलएल.बी. झाले. त्या एका वर्षाची आठवण ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

त्यानंतरच्या वर्षांचा हिशेब मुलांना पाठ असतो, म्हणून भराभर सांगतो. १ जानेवारी १८८० ला विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि आगरकरांच्या साथीने न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि १८८१ मध्ये केसरी व मराठा ही पत्रे सुरू झाली. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. पोटापाण्यासाठी त्यांनी कायद्याचे वर्ग चालवले, आणि आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे असे म्हणजे, भागीदारीत लातूरला कापसाची जिनिंग फॅक्टरी काढली. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. म्हणजे टिळकांच्या घरखर्चाचा काही भाग आपल्या हैदराबाद संस्थानातल्या कापसावर चालत होता. मराठवाड्यातून इकडे आलेल्या आमच्या कितीतरी घरांत ही गोष्ट कुणाला ठाऊक नसते. १८९३-९४ पासून गणेशोत्सव सार्वजनिक झाला. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मॅक्स म्युलरसारख्या विद्वानांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि सप्टेंबर १८९८ मध्ये ते मुदतीआधी सुटले. बाहेर आले तेव्हा प्रकृती पार खालावलेली होती.

दुसरा मोठा खटला १९०८ चा. मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर केसरीत आलेल्या लेखांवरून २४ जूनला अटक झाली आणि २२ जुलैला सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. टिळकांना आधी साबरमतीला आणि मग ब्रह्मदेशातल्या मंडालेला नेले. तेव्हा त्यांचे वय बावन्न होते.

मंडालेच्या तुरुंगात त्यांना लाकडी बांधणीच्या बराकीत ठेवले होते. उन्हाळ्यात तिची भट्टी होई आणि थंडीत वारा आत शिरे. स्वयंपाकासाठी एक मराठी कैदी दिलेला होता. मधुमेहाने त्यांना पुरते घेरले ते याच काळात. त्यावर औषध असे काही नव्हते. त्या काळी डॉक्टर लघवी तपासत. निळे फेहलिंगचे द्रावण तीत घालून गरम करायचे आणि विटकरी साका खाली बसला की साखर आहे असे समजायचे. आमच्या प्रयोगशाळेत नववीची मुले ग्लुकोजवर हाच प्रयोग करतात. निदान झाले की डॉक्टरच्या हातात पथ्याशिवाय काही उरत नसे. टिळकांनी ते पथ्य गणित सोडवावे तसे पाळले. भात आणि गोड बाजूला ठेवले आणि मुख्यतः सातूच्या, म्हणजे जवाच्या पिठावर राहिले. साखर आटोक्यात आली.

हा उपाय काही नवा नव्हता. चरकसंहितेत प्रमेही माणसाला जवाचे पदार्थच मुख्य अन्न म्हणून सांगितले आहेत. सुश्रुताने तर जन्मतः होणारा प्रमेह आणि अपथ्याने होणारा प्रमेह असे दोन प्रकार वेगळे केले आहेत. तिकडे फ्रान्समध्ये १८७० साली जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला आणि लोकांचे खाण्याचे हाल झाले, तेव्हा बूशार्दा नावाच्या डॉक्टरांना दिसले की आपल्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतली साखर नाहीशी होत आहे. पोटाला चिमटा बसला की साखर उतरते, हे अशा तऱ्हेने दोन खंडांत माहीत होते. का उतरते, हे मात्र कुणालाच माहीत नव्हते.

ते आज बरेचसे कळले आहे. बेगम बाजारातले एखादे धान्याचे गोदाम डोळ्यांपुढे आणा. माल आला की मुनीम ओरडतो आणि हमाल पोती आत टाकतात. रात्री बाजार बंद झाला की दुसरा मुनीम येतो आणि तो माल बाहेर काढायला सांगतो. पहिल्या मुनिमाचे नाव इन्सुलिन. ते पोटातल्या स्वादुपिंडात तयार होते. आपण जेवलो की ते रक्तातली साखर स्नायूंमध्ये शिरू देते, यकृताला साखर बनवणे थांबवायला सांगते आणि जास्तीचे इंधन चरबीच्या रूपाने साठवायला लावते. मधुमेह म्हणजे साखर एवढेच आपण धरून चालतो, पण इन्सुलिनचे मोठे काम चरबीवरचे आहे. ते रक्तात असेपर्यंत चरबीच्या पेशींना कुलूप असते. दुसरे मुनीम म्हणजे ग्लुकागॉन, अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल. उपाशीपोटी, धावपळीत, भीतीत आणि दुःखात त्यांचा आवाज चढतो. मग चरबीचे कुलूप निघते आणि तिच्यातली मेदाम्ले रक्तात उतरतात. हृदय आणि स्नायू ती जाळतात. यकृत त्यांतल्या काहींपासून कीटोन नावाचे पदार्थ करते आणि लांबच्या उपवासात मेंदू त्यांवर चालतो. निरोगी माणसाची एकादशी याच व्यवस्थेवर निभते.

आता पहिला मुनीम ओरडतो आहे आणि हमाल ऐकतच नाहीत, असे झाले तर? शरीराने इन्सुलिनला दाद न देणे ते हेच. जेवण झाले तरी चरबीचे कुलूप नीट लागत नाही आणि मेदाम्ले रक्तात येतच राहतात. ती स्नायूंत आणि यकृतात, जिथे त्यांचे गोदाम नाही तिथे, साचतात. मेदाम्ले जळत असली की स्नायू साखर कमी घेतो, असे इंग्लंडमध्ये फिलिप रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडले. पुढच्या संशोधनात असे दिसले की पेशीत साचलेल्या चरबीचे काही अंश इन्सुलिनचा निरोप आत पोचण्याआधीच अडवतात. यकृतही निरोप ऐकेनासे होते आणि रात्रभर साखर बनवत बसते. म्हणून पुष्कळ मधुमेह्यांची सकाळची उपाशीपोटीची साखर चढलेली असते आणि रात्री तर काही गोड खाल्ले नव्हते, असे म्हणत ते कोड्यात पडतात. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून काही वर्षे रेटते, मग थकते.

टिळकांना कोणता मधुमेह होता, हे त्या वेळी कुणी तपासणे शक्यच नव्हते. इन्सुलिनचा शोधच लागलेला नव्हता. पण तो उतारवयात दिसला आणि इन्सुलिनवाचून त्यांनी त्याच्यासोबत कित्येक वर्षे भरघोस काम केले. त्यावरून तो आज ज्याला दुसऱ्या प्रकारचा म्हणतात तोच असावा. पहिल्या प्रकारात इन्सुलिन जवळजवळ संपते. चरबीचे कुलूप कायमचे उघडे पडते, कीटोन साचून रक्त आंबट होते आणि त्या काळात असा रोगी फार दिवस जगत नसे. दुसऱ्या प्रकारात पथ्याला दाद मिळते. पीठ मोजून घेतले, भात सुटला, एकूण खाणे कमी झाले, की इन्सुलिनची गरज घटते आणि यकृतातली चरबी उतरू लागते. न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोजच्या ६०० कॅलरींच्या आहारावर आठवडाभरातच रोग्यांची उपाशीपोटीची साखर नेहमीसारखी झाली होती. जवात एक चिकट तंतूही असतो, त्याने साखर आतड्यातून सावकाश शोषली जाते. तेव्हा सातूचा उपयोग झाला तो या दोन्ही अंगांनी झाला असणार. आणि तरुणपणी तालमीत घालवलेले ते वर्ष? जेवणानंतरच्या साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक स्नायूच असतात. त्या वर्षाचे व्याज पन्नाशीनंतर मिळाले, असे म्हणण्याचा मोह आम्हाला होतो. पण तेवढे ठामपणे सांगता येणार नाही. कमावलेला स्नायू वापरला नाही तर तोही ओसरतो.

पथ्यावर राहून या माणसाने मंडालेत काय केले ते पाहा. जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास केला. सुटे कागद मिळत नसत, म्हणून पाने मोजून दिलेल्या बांधीव वह्यांत, शिसपेनीने, १९१०-११ च्या थंडीत काही महिन्यांत गीतारहस्य लिहून काढले. जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्याला वारल्याची बातमी आली. ते सुटण्याला अजून दोन वर्षे होती. अशा धक्क्यात कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनलिन वाढतात, चरबी सुटते आणि मधुमेह्याची साखर वर जाते, हे आज दवाखान्यात रोज दिसते. त्या आठवड्यांत टिळकांच्या लघवीची तपासणी काय सांगत होती कोण जाणे. पथ्य सुटले नाही.

जून १९१४ मध्ये ते पुण्याला परतले. वह्या सरकारने ठेवून घेतल्या होत्या, त्या काही काळाने मिळाल्या आणि १९१५ मध्ये गीतारहस्य छापून झाले. १९१६ मध्ये होमरूल लीग निघाली आणि त्याच वर्षी लखनौचा करार झाला. गावोगाव सभा झाल्या. व्हॅलेंटाइन चिरोलविरुद्धच्या खटल्यासाठी १९१८ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी विलायतेचा प्रवास केला. खटला हरले, खर्च अंगावर पडला आणि नोव्हेंबर १९१९ मध्ये ते परत आले.

जुलै १९२० मध्ये ताईमहाराज प्रकरणाच्या कामासाठी ते मुंबईत सरदारगृहात उतरले होते. मोटारीतून फिरून आल्यावर अंगात कसर भरली, हिवतापासारखा ताप चढला, पुढे फुप्फुसांना सूज आली आणि ३१ जुलै व १ ऑगस्टच्या मधल्या रात्री त्यांचा अंत झाला. मुंबईने पावसात भिजत त्यांना चौपाटीवर निरोप दिला. मधुमेहाने टिळकांना नेले असे आम्ही म्हणणार नाही, कारण ते ताप आणि न्यूमोनियाने गेले. पण तापात इन्सुलिनला दाद मिळणे आणखी कमी होते आणि चढलेल्या साखरेत जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात. चौसष्ट वर्षांच्या मधुमेह्याला न्यूमोनिया होणे तेव्हा फार वाईट होते, आजही हलके घेण्यासारखे नाही.

पुढच्याच वर्षी, १९२१ च्या उन्हाळ्यात, कॅनडातल्या टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे करण्याचे काम सुरू केले. ११ जानेवारी १९२२ ला लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले. ते फारसे लागू पडले नाही. जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून पुन्हा सुरुवात झाली तेव्हा मुलगा सुधारला. लोकमान्यांच्या मृत्यूला तेव्हा दीड वर्ष झाले होते. सर्वच मधुमेही इन्सुलिनच्या कमतरतेने आजारी नसतात, हे ध्यानात यायला मात्र आणखी वेळ गेला. १९३६ मध्ये लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवले की काही रोग्यांना इन्सुलिन टोचले तरी शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही. १९६० च्या सुमारास रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातले इन्सुलिन मोजण्याची रीत काढली, तेव्हा अशा कित्येकांच्या रक्तात ते भरपूर असल्याचे आढळले.

आता आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी गौलीगुड्यातल्या एका गणेशोत्सवात आम्हाला टिळकांवर बोलायला बोलावले होते. आम्ही तावातावाने सांगून टाकले की लोकमान्यांनी सातू खाऊन मधुमेह घालवला. लोकांना ते फार आवडले. आमच्याच गल्लीतल्या एका आजोबांनी दुसऱ्या दिवसापासून गोळ्या कपाटात ठेवल्या आणि सातूचे पीठ सुरू केले. भात सोडला नाही, पीठ भाताच्या जोडीला. महिन्याच्या आत त्यांच्या पायाची जखम चिघळली, साखर चारशेच्या वर गेली आणि त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले. पाय वाचला. आजोबांनी आम्हाला एका शब्दानेही दोष दिला नाही, पण त्यांच्या सुनेने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती आम्ही विसरलेलो नाही. टिळकांनी मधुमेह घालवला नव्हता, आवरून धरला होता. त्यांच्याजवळ गोळी नव्हती म्हणून ते पथ्यावर राहिले. गोळी असताना ती टाकून पथ्य करणे हे त्यांचे अनुकरण नव्हे.

आणखी एक समज आमच्या लोकांत घट्ट आहे. मधुमेह जाड माणसांचा, आम्ही बारीक, आम्हाला काय होणार, असे पालकसभेतही ऐकू येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांचे स्नायू जितके कमी होते तितकी चरबी कमी नव्हती. वजनाने हलकी, चरबीने मात्र नाही. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय पत्रिकेत याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजन काढले तर दोघांचा आकडा सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. हा फोटो आम्ही शाळेच्या फळ्यावर लावला होता, तेव्हा मुलांपेक्षा शिक्षकच त्यापुढे जास्त वेळ उभे होते.

२००० साली देशातल्या सहा मोठ्या शहरांत मधुमेहाची पाहणी झाली. वीस वर्षांवरच्या लोकांत सर्वाधिक प्रमाण आपल्या हैदराबादेत निघाले, १६.६ टक्के. मुंबईत ते ९.३ होते. इराणी हॉटेलातला चहा आणि उस्मानिया बिस्किटे यांना एकट्याने जबाबदार धरण्यात अर्थ नाही. बसून राहणे, भाताचा ढीग, तळण, उशिराची जेवणे आणि पोटाभोवतीची चरबी हे सगळे त्यात आले. पोटातली चरबी यकृताच्या शेजारीच असते आणि तिच्यातली मेदाम्ले थेट यकृतातच उतरतात. म्हणून डॉक्टर हल्ली वजनाच्या काट्याबरोबर कमरेला टेपही लावतात.

त्या मुलीला आम्ही यातले बरेच सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले की सातू मिळतो कुठे. बेगम बाजारात मिळतो. तिने आजोबांच्या डॉक्टरांना आधी विचारले हे ऐकून आम्हाला बरे वाटले. आता त्यांच्याकडे रात्री भाताऐवजी जवाच्या दोन भाकऱ्या होतात, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात आणि गणिताच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर ती रोज सकाळी आजोबांची साखर लिहून ठेवते. आजोबा जेवणानंतर तिच्याबरोबर राममंदिरापर्यंत फेरी मारून येतात. पहिल्या दोन दिवसांत भाकऱ्या तुटत होत्या, म्हणून तिच्या आईने पिठात थोडी ज्वारी मिसळली आहे.